पाळण्याची जागा

“मोर्चे, गोळीबार सगळं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गं आई. तू ये बिनधास्त,” परदेशातली लेक फोनच्या पडद्यावर हसत म्हणाली. आठव्या महिन्यात एवढं हसू? माझ्या मनात पाल चुकचुकली. तिच्यामागे रिकामा पाळणा दिसला. परवा खिडकीपाशी होता, आज आतल्या बोळात, जिथे खिडकीच नाही. “पाळणा का हलवलास?” “ऊन लागतं गं. शिवाय धूळही येते.” तीस वर्षं शाळेत मुलांच्या रजेच्या चिठ्ठ्या वाचल्यात मी; खोटं बोलणारं पोर एकाच्या जागी दोन कारणं देतं. आणि त्या खिडकीत ऊनच येत नाही, कपडे वाळत नाहीत, म्हणून गेल्याच महिन्यात कुरकुरत होती ही. फोन ठेवताच ह्यांनी विचारलं, “पुढच्या आठवड्याचं तिकीट रद्द करू ना?” “करा,” मी बॅगेची चेन ओढत म्हणाले, “आणि उद्याचं मिळतंय का बघा.”