प्रसन्न अक्षरं

माझी जाड, गोलमटोल अक्षरं आइस्क्रीमवाल्यानेही परत पाठवली होती. नगरसेवक कोकऱ्यांनी मात्र ती स्मशानभूमीच्या कमानीसाठी पसंत केली.

"साहेब, तिथे लोक रडायला येतात," मी म्हणालो.

"म्हणूनच प्रसन्न पाहिजे! आणि माझं नाव 'स्मशानभूमी'पेक्षा मोठं घे. गुलाबी."

माझ्या फॉन्टला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी स्मशानभूमी फुगवली. कोकऱ्यांना त्याहून फुगवलं.

पुढच्याच महिन्यात त्यांचे वडील वारले. तिरडी कमानीखाली आली, फोटोग्राफर सरसावला आणि कोकरे हुंदके देत म्हणाले, "आबांना जरा खाली घ्या रे, नाव झाकतंय."

आबा खाली गेले. 'स्मशानभूमी' फोटोत मावलीच नाही; उरले हार, गर्दी आणि गुलाबी अक्षरांतले कोकरे. संध्याकाळपर्यंत फेसबुकवर त्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छांची रांग लागली.

मलाच माझ्या अक्षरांची लाज वाटली. मी फोन केला. "साहेब, लोकांचा गैरसमज झालाय. कमान उतरवू का?"

"येडा की काय? सगळ्यांना 'आभारी आहे' टाकून झालं. खऱ्या वाढदिवसाला याच्या निम्मे लाइकही नव्हते."