उखळाशेजारची बाई

ती बाई आजही आली. लाकडी खोकं ओढलं, उखळापासून हातभर लांब टेकली, पर्स मांडीवर घेतली आणि बघायला लागली. तिला बघून टिवाचा हात पाण्याच्या भांड्यातच थांबला.

"टिवाताई, झोपलात का?" बेदियाको मुसळ उचलून धरून उभा होता.

"तू कांड. माझं मी बघते."

मग सुरू झालं. मुसळ पडायचं, ते उठलं की टिवाचा ओला हात आत जायचा, उकडलेल्या कसावा-केळ्यांचा गरम गोळा उलटायचा आणि मुसळ परत पडायच्या आत बाहेर. बिरागो आंटीच्या खानावळीत टिवा कित्येक वर्षं हेच करत आली होती. इतकं मऊ फुफू कुमासीच्या अख्ख्या बांतामा भागात मिळत नाही असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि ती काही उगाच म्हणायची नाहीत.

बेदियाको नवा. जुना कांडणारा गावी निघून गेला, म्हणून आंटीने याला आणलं. एक पाय लहानपणीच पोलिओने वाळलेला, पण खांदे असे की मुसळ त्याच्या हातात लाटण्याएवढं दिसायचं. त्याच्या पहिल्याच दिवशी ही बाईपण आली. एसिनाम मॅडम, पार व्होल्टा प्रांताकडची. आंटीने सगळ्यांना सांगितलं होतं, या संस्थेच्या मॅडम, अधू माणसांना काम मिळवून देतात, आणि असलेलं काम टिकावं म्हणून काही दिवस येऊन बसतात. तेव्हा सगळ्यांनी बेदियाकोच्या पायाकडे बघितलं.

ठीक आहे. पण मग हिने त्याच्या पायाकडे बघावं ना? ही बघायची टिवाच्या हाताकडे. नाहीतर थेट तोंडाकडे.

आणि टिवाला नेमकं तेच नको होतं. गेल्या वर्षापासून तिची नजर आवळत चालली होती. समोरचं दिसायचं, पण दोन्ही बाजूंनी अंधार, पुंगळीतून बघावं तसं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, घरी पोरींनासुद्धा नाही. दिसत नाही म्हटल्यावर फुफू फिरवायला कोण ठेवेल? एक फटका चुकला की बोटांचा चेंदामेंदा. आंटीला कळलं की त्याच दिवशी घरी बसायचं, आणि मग दोन पोरींच्या पोटाला काय?

मॅडमचे प्रश्नपण कसले. राहता कुठे, संध्याकाळी एकट्याच जाता का, वाटेतली गटारं झाकलेली आहेत का. आता गटारांशी हिला काय करायचंय? टिवा हो-नाही करून सोडून द्यायची.

मग मॅडमने खानावळच हलवायला घेतली. आधी बेदियाकोला सांगितलं, प्रत्येक वेळी मुसळ खाली आणताना मोठ्याने हुंकार द्यायचा, म्हणजे ताल राहतो. मग वाटेतली सरपणाची मोळी हलवली. पातेली भिंतीला लावली. टिवाचं बसकं स्टूल फिरवून उजेडाकडे केलं. एक दिवस तर मागच्या दाराची पायरी पांढरी रंगवून घेतली. गिऱ्हाइकांना आयतंच मिळालं. एकाने विचारलं, काय रे बेदियाको, घर रंगवतायत, लग्न ठरलं की काय तुझं? बेदियाको म्हणाला, पायरी झाली, आता नवरी तेवढी राहिली.

"एका लंगड्यासाठी केवढी ही वरात," टिवा रस्सा ढवळणाऱ्या बाईकडे बघून पुटपुटली.

पण गंमत बघा, त्या दिवसांत तिचं काम सोपं व्हायला लागलं. कुठे अडखळणं नाही, कशाला धडकणं नाही. तिला वाटलं, लपवायचं आपल्याला आता मस्त जमतंय.

आणि मग त्या दिवशी ती पाणी आणायला मागे गेली, तर भिंतीपलीकडे मॅडम आणि आंटी हळू आवाजात बोलत होत्या.

"आता मी रोज यायची गरज नाही," मॅडम म्हणत होती. "पण तिला सांगायला हवं."

"मीच सांगते," आंटी म्हणाली. "जरा धीर होऊ दे मला."

पकडलं होतं टिवाला. इतके दिवस बसून त्या बाईने हेच हेरलं होतं. संस्थेतली एखादी धडधाकट डोळ्यांची बाई आता तयारच असणार, तिच्या स्टुलावर बसायला.

रात्रभर तिने एकच विचार केला. ही बाई आली कुणामुळे? बेदियाकोमुळे. बेदियाको गेला की हिचा खानावळीशी संबंध संपला, आणि हिने आणायची ती दुसरी बाईपण येणार नाही. आंटीचा धीर व्हायच्या आत हे व्हायला हवं.

सकाळी त्याच बेदियाकोने तिच्यासाठी बाजरीची गरम पेज आणली. तिने ती प्यायली, पण त्याच्याकडे काही बघितलं नाही.

दुपारची गर्दी सरल्यावर ती आंटीपुढे जाऊन उभी राहिली.

"आंटी, या बेदियाकोला काढा."

आंटी डाव पुसत होती. पुसतच राहिली. "का?"

"पाय टिकत नाही त्याचा. आज मुसळ माझ्या बोटांवर येता येता राहिलं. उद्या माझा हात गेला म्हणजे?"

धडधडीत खोटं होतं. बाहेर बेदियाको उखळ धुता धुता गुणगुणत होता.

आंटीने डाव खाली ठेवला आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"त्याला कुणी मॅडम लागत नाही, टिवा," ती म्हणाली. "त्याची आई आंधळी होती. ती जाईपर्यंत दोघांनी मिळून फुफू विकलं, तो कांडायचा, ती फिरवायची, तिच्या बोटाला कधी खरचटलंसुद्धा नाही. तुझ्या डोळ्यांचं लक्षात आल्यावर मीच मॅडमना बोलावलं, आणि असा माणूस मिळावा म्हणून त्यांनी अख्खं कुमासी पालथं घातलं. तुझ्यासाठी."