शेवटचा धूर

सावली गावच्या कारखान्यात कोळशाचा बॉयलर बंद करून विजेचा आणला आणि एकवीस वर्षं भट्टी सांभाळणाऱ्या प्रतापसिंहरावांना नारळ दिला.

पंधरवड्यानंतर कारखान्याच्या गुजराती शेठने त्यांच्यासाठी घरी गाडी पाठवली. "काका, धूर बंद केल्याचा समारंभ आहे. पण बंद करायला आधी धूर तर पाहिजे ने?"

राव मनातल्या मनात थुंकले, पण घर चालवायचं होतं. त्यांनी जुनी भट्टी पेटवली. पाहुण्यांनी कशालाच न जोडलेलं हिरवं बटण दाबलं, मागे रावांनी भट्टी विझवली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.



आता रावांची नोकरी पक्की आहे. दर गुरुवारी नवे पाहुणे येतात आणि कारखाना शेवटचा धूर सोडतो.