लाचेविना शिस्त

गावभरच्या कुत्र्यांना शिस्त लावणाऱ्या प्रशिक्षकाला घरचं कुत्रं मात्र काडीची किंमत देत नसे. चक्रीवादळ घोंगावू लागलं, तसं त्या पठ्ठ्याने खिडक्यांच्या काचांवरच्या चिकटपट्ट्या ओरबाडल्या, टॉर्च चावला आणि पलंगाखाली ठाण मांडलं. "ये! बाहेर ये!" हे सगळे हुकूम वाऱ्यावर गेले.

"अहो, बिस्कीट दाखवा ना," बायको म्हणाली.

"लाच देऊन शिस्त लागत नसते!" असं ठणकावून प्रशिक्षक त्याला ओढून काढायला स्वतःच पलंगाखाली शिरला. तेवढ्यात शेजारच्या छपराचा पत्रा उडून धाडकन अंगणात आदळला.

वादळ सरल्यावर कुत्रं एका बिस्किटावर बाहेर आलं.



प्रशिक्षकासाठी बायकोला अख्खा पुडा फोडावा लागला.