टोपीतली सुट्टी

इराने सकाळपासून "आई, कंटाळा आला" म्हणून जीव खाल्ला, तेव्हा वैजयंतीने तिच्या डोक्यावर सुट्टीची टोपी चढवली. बाहेर अर्धं मिनिट गेलं की टोपीतल्या मुलाची उन्हाळ्याची अख्खी सुट्टी हुंदडून व्हायची. मग टोपी तेवढी आठवणीने काढायची. आयांची मोठीच सोय. पण नुकतीच आमरस-पुरी झाली होती. अर्ध्या मिनिटासाठी उभं कशाला राहायचं, म्हणून वैजयंती पलंगावर टेकली.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. तिने टोपी ओढून काढली.

"इरा! बाळा, बोल ना गं!"

सात वर्षांच्या इराने सावकाश डोळे उघडले आणि तिला बराच वेळ निरखलं.

"रडू नकोस गं पोरी," ती मायेने म्हणाली. "कुणाची तू?"