झाकणातला मासा

"हे तुमचं नाही," गहाणपेढीवाला घड्याळवाल्याला म्हणाला आणि त्याने ते सोन्याचं, साखळीवालं घड्याळ हवालदारापुढे सरकवलं. "तक्रारीत लिहिलंय, बंद घड्याळ. हे चालू आहे. बंद मालावर मी पैसे देतच नाही."

घड्याळ खरंच चालत होतं. घड्याळवाल्याने ते एका कानाला लावलं, मग दुसऱ्या. वडिलांचं हे घड्याळ बारा वर्षं मुकं होतं. त्याने स्वतः ते दोनदा उघडलं, दोनदा हात टेकले. गावभरची घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरातच बंद घड्याळ, म्हणून शेजारी चिडवायचे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

महिन्यापूर्वी ते कपाटातून नाहीसं झालं, आणि त्याच दिवशी मुलगाही घर सोडून गेला. मुलाला तो धसमुसळ्या म्हणायचा. पोराच्या हातात चिमटा दिला की स्क्रू उडालाच म्हणून समजा. पाच वर्षांत त्याने मुलाला पट्टे बदलण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. शेवटी गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, "तू काही कारागीर होत नाहीस. दुसरं काहीतरी बघ." मुलाने बघितलं, ते हे.

सकाळी निघताना बायको दारात आडवी उभी राहिली होती. घड्याळ नाही मिळालं तरी चालेल, पण पोलिसांपुढे पोराचं नाव घेऊ नका, म्हणाली. चोर तो चोर, असं म्हणून तो तिला बाजूला सारून निघाला. आपण कधी खोटं बोलत नाही याचा त्याला अभिमान होता, आणि घरच्यांना त्याचा जाच.

"तुमचंच आहे कशावरून?" हवालदाराने विचारलं.

त्याने मागचं झाकण उघडलं. वडिलांची शिस्त होती, घड्याळ ज्याने उघडलं त्याने झाकणाच्या आत सुईने आपली खूण कोरायची. खूण न करता झाकण लावणारा तो कारागीर नव्हे, भामटा. त्याने डोळ्याला भिंग लावलं. वडिलांची चांदणी जागेवर होती. तिच्याखाली त्याच्या स्वतःच्या दोन रेघा, दोन्ही हरलेल्या. आणि त्यांच्याखाली, अगदी ताजा, एक इवलासा मासा.

तो मासा त्याने ओळखला. लहानपणी मुलाने तो कामाच्या टेबलाच्या पायावर कोरला होता आणि थप्पड खाल्ली होती. चोरी करून वर सही करून जाणारा चोर जगात दुसरा नसेल. हा मूर्खपणा फक्त आपल्याच घरात जन्मू शकतो, असं त्याला वाटलं.

पण त्याने भिंग काढलं नाही. केसाहून बारीक ती स्प्रिंग, जिने त्याला दोनदा दाद दिली नव्हती, आता सरळ आणि सैल श्वास घेत होती. कुठे ओरखडा नाही, कुठे घाई नाही. पाच वर्षं पोर समोर बसलं होतं आणि आपण त्याचे फक्त उडालेले स्क्रू मोजले.

हवालदारानेही वाकून पाहिलं. चांदणी आणि रेघा कुणाच्या हे विचारून घेतलं आणि वही उघडली. "मग हा मासा कुणाचा? ज्याचा मासा, तोच चोर. नाव सांगा, लिहून घेतो."

घड्याळवाल्याने झाकण जपून लावलं. गहाणाचे पैसे काढून पेढीवाल्यापुढे ठेवले.

"मासा माझ्या मुलाचा," तो म्हणाला. "आणि ती तक्रार फाडा, साहेब. घड्याळ चोरीला गेलंच नव्हतं. दुरुस्तीला गेलं होतं."