पान्यांची पूजा

करमाडच्या मळ्यातल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन बद्रीनाथच्या वडिलांनी पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी घेतलेलं. वैजापूरला पोराकडं नात जन्मून दोन महिने झाले, तरी त्याच्या बायकोला, भागूबाईला एकच उत्तर मिळायचं, "इंजिनाचं एवढं उरकू दे, मग जाऊ."

या खेपेला तर त्यानं हेडच उतरवलं. काजळी खरवडली, व्हॉल्व्ह घासले, नवं गास्केट टाकून हेड परत चढवलं. नट हातानं बसवले आणि पान्यांची पिशवी घेऊन भाकरी खायला घरी आला. जेवून उठतो तर पिशवी रिकामी! सगळे पाने देवापुढं पाटावर, हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून मांडलेले.

"अवं, आज खंडेनवमी. आता दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नसतो."

"अगं, नुसते नट आवळायचे राहिले!"

"मग देवीला सांगा तसं."

घट बसल्यापासून तो इंजिनातच डोकं घालून होता, दिवस कोण मोजतो! धुतलेलं धोतर नेसून तो तिच्यासंगं वैजापूरच्या एसटीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजापुरात वायरमन पोरगा आपली पकड, पेचकस पाटावर मांडत होता. "आबा, कुंकू लावा. आज खंडेनवमी."

मांडीवरच्या नातीनं बद्रीनाथचं काळं पडलेलं बोट घट्ट धरलं होतं. त्यानं भागूबाईकडं बघितलं.

"देवीला विचारूनच एक दिवस आधी केली," ती म्हणाली. "इंजिन तर थांबलंच हाय, नात थांबायची नाय."